सायमनसाहेब, टेबल तेवढं राहून गेलं

नागपूर, तान्हा पोळा

श्री. रा. रा. सर जॉन ऑल्सब्रुक सायमनसाहेब बहादूर यांस,

कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पत्राला उशीर झाला, त्याबद्दल आधीच माफी मागतो. तुम्ही आमच्या गावी येऊन गेलात मार्च 1929 मध्ये. त्याची पोच आत्ता देतो आहे. पण सरकारी कामात शंभरेक वर्षं म्हणजे काही फार नाही, आणि ही शिस्त आम्हाला लावली कोणी, ते मी तुम्हालाच काय सांगावं!

आजच पत्र लिहायला कारण घडलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. तुम्ही मार्चात आलात म्हणून तुमची ती हुकली. कागद, बांबू आणि रंगांची अवाढव्य बाई. एक काळी, एक पिवळी. काळी 1881 पासून निघते, म्हणजे वयानं तुमच्याहून फार लहान नाही. भोसल्यांच्या घरातल्या बाकाबाईंनी इंग्रजांशी संधान बांधलं, त्याचा राग म्हणून ती निघाली असं जुनी माणसं सांगतात. त्यांच्यासोबत निघतात बडगे. वर्षभरात ज्यानं ज्यानं गावाचं डोकं उठवलं, त्याचा पुतळा करायचा, छातीवर पाटी लावायची, इतवारीतून मिरवायचा आणि शेवटी जाळायचा. ‘घेऊन जा गे मारबत’ असं ओरडत गाव रोगराई, महागाई आणि पुढारी एकाच गाडीत बसवून पाठवून देतं. 2025 साली अमेरिकेच्या अध्यक्षांचा बडग्या निघाला होता. बिचारे कधी नागपूरला आले नाहीत, संत्र्याची फोड तोंडात टाकली नाही, तिकडे बसल्या बसल्या आयातशुल्क वाढवलं, एवढ्यावर आमच्या पोरांनी त्यांना इतवारीत नाचवलं.

ते बघताना तुमची आठवण झाली. हे तर आलेही नाहीत. तुम्ही मात्र स्वतः आलात, सहा जणांना घेऊन आलात, एकदा नाही दोनदा बोटीत बसून हिंदुस्थानात आलात. म्हटलं, ज्यानं एवढे कष्ट घेतले त्याला निदान एक पत्र तरी जायला हवं.

आधी तुमच्या गुन्ह्याची नोंद करून घेऊ. तुम्ही वकील, तुम्हाला कलम लागेल. तर गुन्हा असा: 8 नोव्हेंबर 1927 रोजी जाहीर झालं की तीसेक कोटी लोक स्वतःचा कारभार करायला लायक झाले की नाही, हे तपासायला सात माणसं येणार. सातही गोरी, सातही तुमच्या पार्लमेंटातली. भारतमंत्री बर्कनहेडसाहेबांचं म्हणणं असं की चौकशी पार्लमेंटनं करायची, तेव्हा माणसंही पार्लमेंटातलीच हवीत. त्यात एतद्देशीय कुठून आणणार? मोठा बिनतोड मुद्दा. फक्त त्या वेळी तुमच्या लॉर्डांच्या सभागृहात लॉर्ड सिन्हा नावाचे बंगाली गृहस्थ बसत होते आणि कॉमन्समध्ये बॅटरसीचे मतदार मुंबईच्या शापुरजी सकलातवालांना निवडून देत होते. पैकी दुसरे कम्युनिस्ट. दिसले नसतील. सभागृह मोठं असतं, मागच्या बाकांवर उजेड कमी असतो.

आणि घाई किती! 1919 च्या कायद्यात लिहिलं होतं दहा वर्षांनी चौकशी करा. तुम्हाला दोन वर्षं आधीच पाठवलं, कारण पुढची निवडणूक मजूर पक्ष जिंकेल आणि आपल्या हातचं काम भलत्याच्या हाती जाईल, अशी बर्कनहेडसाहेबांना धास्ती. आमची लायकी तपासायची वेळ अशी तुमच्या निवडणुकीवरून ठरली. यात नावं ठेवण्यासारखं काही नाही. आमच्याकडेही पुलाचं उद्घाटन असंच ठरतं.

3 फेब्रुवारी 1928 ला पहाटे तुम्ही मुंबईच्या धक्क्यावर उतरलात. पुढचं तुम्ही विसरला नसाल. काळी निशाणं आणि तीन शब्द. ते शब्द युसुफ मेहेरअलींचे, वय तेव्हा पंचविशीच्या आतलं. हेच मेहेरअली पुढे मुंबईचे महापौर झाले, आणि ‘क्विट इंडिया’ हे दोन शब्दही त्यांच्याच नावावर आहेत. तीन शब्दांत तुम्हाला आणि दोन शब्दांत अख्ख्या साम्राज्याला वाट दाखवणारा दुसरा लेखक माझ्या माहितीत नाही. आम्ही पत्रकार ‘थोडक्यात लिहा’ म्हणून संपादकांची बोलणी खातो ते उगीच नाही.

‘सायमन गो बॅक’ इंग्रजीत का, असं लहानपणी मी मास्तरांना विचारलं होतं. ते म्हणाले, ज्याला जायला सांगायचं त्याला कळायला नको? पटलं. तरी मला वाटतं, आमच्या नागपुरीत ‘चाल, निघ बे येथून’ म्हटलं असतं तर तर्जुम्याची गरज पडली नसती. काही वाक्यं सुरावरूनच कळतात.

मग तुम्ही जिथे जिथे गेलात तिथे ते तीन शब्द तुमच्या आधी पोचले. लखनौला कैसरबागेत तालुकदारांनी तुमच्यासाठी मेजवानी ठेवली. बाहेरून कोणाला आत सोडेनात. तर पोरांनी पतंगांवर आणि फुग्यांवर तेच शब्द लिहून थेट तुमच्या चहाच्या कपावर उडवले. हे वाचलं की मला लखनौकरांचा हेवा वाटतो. संक्रांतीला गच्चीवर ‘ओ काऽट’ करत घसा फोडणारे आम्ही. ही कल्पना आम्हाला सुचायला हवी होती. आणि दिल्लीतली ती कोल्ह्यांची गोष्ट! तुमच्या मंडळींच्या मुक्कामाजवळच्या माळरानात रात्री कोल्हे ओरडले, आणि निदर्शक झोपूही देत नाहीत म्हणून साहेब लोक वैतागले, असं तेव्हा दिल्लीत सांगत. नेहरूंनी ती आत्मचरित्रात नोंदवून ठेवली आहे. खरीखोटी देव जाणे. पण एखाद्या माणसाला कोल्हेकुईतही स्वतःचंच नाव ऐकू यावं, हा मान सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

लाहोरला मात्र हसण्यासारखं काही घडलं नाही. 30 ऑक्टोबर 1928. स्टेशनाबाहेर लाला लजपतराय उभे होते, वय 63. पोलिसांनी छातीवर लाठ्या घातल्या. 17 नोव्हेंबरला ते गेले. बरोबर महिन्यानं पोलीस अधिकारी साँडर्स मारला गेला, आणि पुढे भगतसिंग, सुखदेव यांच्यासोबत आमच्या खेडचा शिवराम हरी राजगुरू फासावर गेला. तुम्ही स्वतः लाठी उचलली नाहीत, हे मान्य. तुम्ही गाडीत होतात. साहेब नेहमी गाडीत असतो.

आता नागपूर.

इथे यायला तुम्ही इतका उशीर का केलात, याचा मी माझ्यापुरता उलगडा केला आहे. सगळा देश हिंडून झाला, मद्रास झालं, ब्रह्मदेश झाला, आणि मग मार्चात, ऊन चढायला लागल्यावर, मृगाची संत्री संपत आली असताना तुम्ही आलात. वाळूच्या दगडातलं आमचं स्टेशन तेव्हा नवं होतं, 1925 चं. पण तुम्हाला आमच्याविषयी कोणीतरी आधीच कुजबुजलं असणार. कारण आमचा मध्य प्रांत हा तुमच्या वर्गातला सगळ्यात वाह्यात मुलगा. बाकी सगळ्या प्रांतांच्या कौन्सिलांनी कुरकुरत का होईना तुमच्यासोबत बसायला समित्या निवडून दिल्या. मध्य प्रांतानं दिली नाही. आठ प्रांतांत तुम्हाला जोडीला माणसं मिळाली, नवव्यात तुमचे तुम्ही.

आणि वाह्यातपणा जुनाच. 1920 च्या डिसेंबरात काँग्रेसनं असहकारावर शिक्कामोर्तब केलं ते इथेच. 1923 साली सिव्हिल लाइन्समधून तिरंगा न्यायचा नाही म्हणून हुकूम निघाला, तर लोक रोज तिरंगा घेऊन निघायचे आणि रोज तुरुंगात जायचे. जमनालाल बजाज गेले, शेवटी वल्लभभाई येऊन बसले, आणि 18 ऑगस्टला मिरवणूक गेलीच. 1927 मध्ये मंचरशा आवारी, ज्यांना गाव जनरल म्हणायचं, त्यांनी शस्त्रबंदीच्या कायद्याविरुद्ध तलवारी घेऊन सत्याग्रह काढला. तलवारीचा सत्याग्रह, साहेब! गांधींनाही तो पचला नव्हता. पण माझा सगळ्यात लाडका किस्सा 1924 चा. तुमच्या द्विदल राज्यपद्धतीत दोन-चार खाती ‘नेटिव’ मंत्र्यांकडे असत. आमच्या कौन्सिलात स्वराज्य पक्षाचं बहुमत झालं. त्यांनी मंत्र्यांचा पगार मंजूर केला: वर्षाला दोन रुपये. नामंजूर केला नाही हं. रीतसर मांडून, मतं मोजून, मंजूर केला. दोन रुपये. त्यात कोण राज्य करणार? राज्यपालांना ती खातीही स्वतःच्या हातात घ्यावी लागली.

तुम्ही हे लिहून घेतलंत की नाही? लायकीचा याहून चांगला पुरावा कुठे मिळणार होता?

बरं, एक गंमत राहिली. आमच्या अमरावतीचे वकील श्रीपाद बळवंत तांबे यांनी 1925 मध्ये सरकारी कारभारात जागा घेतली म्हणून स्वराज्य पक्षात केवढा गदारोळ झाला होता; पक्ष फुटायची वेळ आली. तेच तांबे 1929 साली, म्हणजे तुम्ही नागपुरात आमच्या दाढा तपासून गेलात त्याच वर्षी, मध्य प्रांताचे हंगामी गव्हर्नर झाले. विद्यार्थी खुर्चीत बसून वर्ग चालवतो आहे आणि परीक्षक अजून पेपर तपासतो आहे!

इथवर तुमची थट्टा झाली. आता एक गोष्ट सांगायची आहे, ती सांगताना आमच्याच लोकांकडे थोडं वळून बघावं लागेल. तुम्ही ऐका, तुमचा काही तोटा नाही.

सगळे परत जा म्हणत होते तेव्हा काही माणसं तुमच्याकडे आली. त्यातल्या सगळ्यात शहाण्या माणसाचं नाव भीमराव रामजी आंबेडकर. तुम्ही मुंबईला उतरलात त्याच्या सहाच आठवडे आधी, 25 डिसेंबर 1927 ला, महाडला त्यांनी मनुस्मृती जाळली होती. त्याच्या आधी मार्चात चवदार तळ्याचं पाणी प्यायले म्हणून त्यांच्या माणसांची डोकी फुटली होती. ती डोकी तुमच्या पोलिसांनी फोडली नव्हती. आमच्या शेजाऱ्यांनी फोडली होती. म्हणून 23 ऑक्टोबर 1928 ला पुण्यात ते तुमच्यापुढे बसले तेव्हा आम्ही त्यांना काय काय म्हटलं, ते इथे लिहीत नाही. आमच्या वाडवडिलांची सही त्याखाली असू शकते.

पण त्यांनी तुमच्यापुढे मागितलं काय? प्रत्येक प्रौढ माणसाला मत. बाईला, भूमिहीनाला, अक्षर न येणाऱ्याला. तेव्हा मुंबई प्रांताच्या समितीत बसून ते तुमच्याशी सहकार्य करत होते खरे, पण समितीच्या अहवालावर सही करायची वेळ आली तेव्हा त्यांनी केली नाही. मे 1929 मध्ये स्वतःचा वेगळा लिहून दिला. तुमच्याकडे आलेला माणूसही तुमचा नव्हता. मला वाटतं, हे तुम्हाला पतंगांपेक्षा जास्त लागायला हवं होतं.

1930 च्या जूनमध्ये तुमचा अहवाल आला. दोन जाड खंड. वसाहतीच्या स्वराज्याचं नाव त्यात कुठे सापडत नाही. प्रौढ मतदान नाही. शंभरातल्या दहांना मत दिलं तरी पुष्कळ झालं, असा तुमचा हिशेब. आणि अस्पृश्यांसाठी राखीव जागा दिल्यात, पण एक पाचर मारलीत: त्या जागेवर उभं राहायचं तर उमेदवार लायक आहे असा गव्हर्नरचा दाखला हवा.

दाखला!

मी हा शब्द वाचला आणि अहवाल मिटून बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. मुलाच्या प्रवेशासाठी एका दाखल्यापायी मी एका कचेरीत चार फेऱ्या मारल्या आहेत. (कचेरीचं नाव सांगत नाही. अजून एक दाखला बाकी आहे.) ‘साहेब जेवायला गेलेत’, ‘सर्व्हर डाऊन आहे’, ‘आजोबांचा शाळा सोडल्याचा आणा’. आजोबा शाळेतच गेले नव्हते, मग सोडतील कुठून? टेबलापलीकडच्या माणसाचं माझ्याशी काही वैर नव्हतं. फक्त तो पलीकडे होता आणि मी अलीकडे. साहेब, तुम्ही सात जण समुद्र ओलांडून आलात, 2 खंड लिहिलेत, पण त्या सगळ्याचा अर्क त्या एका अटीत उतरला आहे. आधी अख्ख्या देशाला दाखला लागणार. मग त्या देशातल्या ज्याला हजारो वर्षं कोणी दारात उभं केलं नाही, त्याला आणखी एक दाखला लागणार. आणि दोन्ही दाखले टेबलापलीकडून मिळणार.

आंबेडकरांनी उत्तर द्यायला जागा कोणती निवडली? आमचं नागपूर. 8 ऑगस्ट 1930 ला इथे अखिल भारतीय दलित काँग्रेस भरली, ते अध्यक्ष होते. ज्यांना इंग्रजांचे हस्तक म्हणून हिणवलं गेलं, ते इथे उभं राहून सांगत होते की कुठलाही देश दुसऱ्या देशावर राज्य करण्याइतका चांगला नसतो. आणि त्याच दमात, कुठलाही वर्ग दुसऱ्या वर्गावर राज्य करण्याइतका चांगला नसतो. पहिला अर्धा भाग तुम्हाला उद्देशून होता. तो आम्हाला लगेच कळला. दुसऱ्या अर्ध्याचं भाषांतर अजून चालू आहे.

तुमचं पुढे बरं चाललं. परराष्ट्रमंत्री झालात, 1935 च्या मार्चात बर्लिनला जाऊन हिटलरला भेटलात. 1938 साली पंतप्रधान चेंबरलेनसाहेबांनी म्युनिकच्या कराराआधी ज्या तिघांना जवळ घेऊन मसलत केली, ते तिघे म्हणजे तुम्ही, हॅलिफॅक्स आणि सॅम्युएल होर. हॅलिफॅक्स म्हणजे आमचे जुने व्हाइसरॉय आयर्विन, होर म्हणजे आमचे जुने भारतमंत्री. यादी वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. गांधी, नेहरू, आंबेडकर यांची लायकी पारखायला ज्यांची नजर इतकी बारीक, त्याच तीन जोड्या डोळ्यांनी हिटलरला पारखलं! त्याच्याकडे मात्र तुम्ही कोणाचा दाखला मागितला नाहीत.

आणि तुमच्या सातांतले ते गप्प गप्प ॲटली. त्यांना परत जा म्हणून ऐकू आलं होतं म्हणायचं. एकोणीस वर्षं लागली, पण 1947 मध्ये पंतप्रधान म्हणून त्यांनी सगळ्यांनाच परत बोलावून घेतलं.

इथे पत्र संपायला हवं होतं. पण तुम्ही जाताना एक वस्तू नेली नाहीत. टेबल.

नागपुरात दर डिसेंबराला विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं. गावोगावचे मोर्चे येतात. यशवंत स्टेडियमवरून निघायचं, मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर पोलिसांनी अडवायचं, मग घोषणा, मग निवेदन, मग एसटीनं घरी. इतकं अंगवळणी पडलं आहे की चहावाल्याला मोर्चाच्या आकारावरून दूध किती लागेल ते कळतं. 1994 साली अधिवेशन नोव्हेंबरातच होतं. 23 तारखेला गोवारी आले. गुरं राखणारी माणसं. बायका, कडेवर पोरं. मागणी एकच: आम्ही आदिवासी आहोत, तसा दाखला द्या. यादीत ‘गोंड गोवारी’ असं छापलं आहे, त्यात मध्ये स्वल्पविराम हवा होता, तो नाही, म्हणून आम्ही यादीत नाही, असं त्यांचं म्हणणं. भेटायला कोणी बाहेर आलं नाही. संध्याकाळी लाठ्या चालल्या, गर्दी कठड्यांवर रेटली गेली. 114 माणसं मेली. लाहोरला एक गेले होते.

मग आम्हीही एक कमिशन नेमलं. त्यात गोरं कोणी नव्हतं. त्यानं कोणावर ठपका ठेवला नाही.

2018 साली इथल्या खंडपीठानं गोवारींच्या बाजूनं निकाल दिला. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे, उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. मी रोज त्या पुलावरून जातो. स्वल्पविराम मिळालेला नाही.

खाली इतवारीत आता पिवळी मारबत काळीला भेटायला निघाली असेल. ताशांचा आवाज इथवर येतो आहे. यंदा कोणाकोणाचे बडगे निघालेत ते बघायला जायचं आहे, तेव्हा आटोपतो. टेबल न्यायला कोणाला पाठवणार असाल तर दुपारी दोन ते तीन सोडून पाठवा, तेव्हा साहेब जेवायला जातात.

कळावे, लोभ नव्हताच, तो वाढवू नये.

आपला,
लायकी तपासायची राहिलेला
एक नागपूरकर